अर्धी पट्टी

कनुभाईने कात्रीने पट्टी कापली,
दहातल्या चार गोळ्या पुढे सरकवल्या.
"सवारे एक, रात्रे एक."
मी मान हलवली, शिंकत शिंकतच.

चंदेरी कागदामागे लाल अक्षरांची एक ओळ होती.
कात्री तिच्यातूनच गेली.
माझ्या वाट्याला एवढाच शब्द आला:
'वाहन'.

वाहन तर आहेच माझं.
नऊ पोरं, नऊ दप्तरं, गळक्या बाटल्या,
मागच्या काचेवर 'स्कूल व्हॅन', त्याखाली गणपती.

सकाळी नाक मोकळं.
बरं वाटत होतं.
घात तिथेच झाला, की बरं वाटत होतं.

नेहमीची झोप मला कळते.
जांभई येते, डोळे चुरचुरतात,
दांडिया बाजारच्या नाक्यावर एक कटिंग मारतो, संपलं.
ही तशी नव्हती.
ही विश्वामित्रीतल्या मगरीसारखी.
पुलावरून पाहावं तर हिरवट, निवांत पाणी,
त्यात एखादा ओंडका,
आणि मग ओंडक्याला डोळे.

काळा घोडा चौकात सिग्नलला थांबलो.
थांबलो एवढं आठवतं.
पुढचं सगळं कापसात गुंडाळलेलं,
हॉर्न वाजत होते, पण दुसऱ्या कुणासाठी.
खांद्यावर बोट टोचलं.
"काका, लीली थई गई."
मिश्री, दुसरी ब, समोरचे दोन दात पडलेले.

हो. लीली. हिरवी.
पुढे पूल होता.

मी पूल चढलो नाही.
कमाटीबागेच्या भिंतीला व्हॅन लावली
आणि किल्ली काढून मिश्रीकडे दिली.
हसाल, पण तेव्हा तेवढंच सुचलं.
मग घोरपड्यांच्या विजयेंद्राला फोन केला,
ये बाबा, पोरांना तू ने.
पोरं खूश, गणिताचा तास बुडाला.
पालकांना संध्याकाळी खरं ते सांगितलं.
दोन घरांनी व्हॅन बदलली. त्यांचंही बरोबर आहे.

कनुभाई म्हणाला, आखी पट्टी घेतली असतीस
तर वाचता आलं असतं.
विचारलं, उरलेल्या सहा?
त्याने खांदे उडवले. गेल्या. कुणीतरी नेल्या.

तेव्हापासून पुलावर समोरून
कुणी जरासं कलत आलं, की मी वेग कमी करतो.
त्याच्या खिशात असेल ओळीचा दुसरा तुकडा:
'चालवू नये'.
काय चालवू नये, ते
माझ्याकडे राहिलंय.