कुर्ल्या

तुयेच्या टेकडीवर, तिसऱ्या काचेच्या आत
आम्ही पांढऱ्या पोशाखात उभे, फक्त डोळे उघडे.
इनासिन म्हणते, उगाच बोलू नका,
बोलण्यातही थेंब असतात.

मी आगरवाड्याची. आमच्या चार पिढ्यांनी मीठ पिकवलं,
आणि इथे मिठासारखा वैरी दुसरा नाही.
सोडियमचा एक अणू,
नको, एक म्हटलं तर अतिशयोक्ती होते,
थोडेसे अणू ऑक्साइडच्या थरात शिरले
की दार धड मिटत नाही.

मार्चमध्ये अकरावा लॉट बिघडला.
व्होल्टेज सरकत होतं, जरासं, रोज.
पाणी तपासलं, रसायनं तपासली, क्वार्ट्झच्या नळ्या बदलल्या.
मग यादी निघाली, त्या पाळीला कोण कोण होतं.
आदल्या रविवारी मी बाबांबरोबर आगरात होते.
उजव्या अंगठ्याला चीर,
हातमोज्याखाली शुक्रवारपर्यंत चुरचुरत होती.
मी सांगितलं. इनासिनने लिहून घेतलं, वर पाहिलं नाही.

दोष एका झडपेच्या रबरी चकतीत निघाला.
हात मी अजून चारदा धुते.

बाबांनी विचारलं, तुम्ही बनवता तरी काय?
म्हटलं, मानस.
हसले. भरती हवी तेवढी आत घ्यायची, मग फळी टाकायची,
यात त्यांची पन्नास वर्षं गेली.
तसंच, म्हटलं, पण नखाएवढ्या जागेत अब्जावधी.
आधी दार नुसतं वरून टेकायचं.
मग ते तीन बाजूंनी धरू लागलं.
आता सिलिकॉनच्या पट्ट्या एकावर एक, अधांतरी,
आणि दार प्रत्येकीच्या चारी अंगांनी.

किती जाड पट्टी?
तीसेक अणू.
त्यांनी मिठाचा खडा उचलला, उन्हाकडे धरला.
या उजेडाने नाही होत, म्हटलं.
वितळलेल्या कथलाच्या थेंबावर लेसर मारतात,
सेकंदाला पन्नास हजार वेळा,
तेव्हा फुटतो त्या उजेडाने.
हवा त्याला गिळते, म्हणून तिथे हवाही ठेवत नाहीत.

हवा नाही, मीठ नाही. मग माणसाचं काय काम?

यावर मी पेज ढवळत बसले.

उठता उठता म्हणाले,
चारी बाजूंनी दार, ते कळलं. पण कुर्ल्या?
कुर्ली दाराशी येत नाही,
बांध पोखरते. रातोरात.
बांध बारीक, तितकं तिचं सोपं.

माझा हात वाडग्यातच थांबला.
थर फार पातळ केला की इलेक्ट्रॉन
भिंत चढत नाही, फोडत नाही,
नुसता पलीकडे सापडतो.
दोन सेमिस्टर लागली होती मला, हे पचायला.

आहेत, म्हटलं. आमच्याकडेही कुर्ल्या आहेत.
मग काय करता?
बांध जाड करतो. दुसऱ्या जातीचा चिखल घालून.
हाफ्नियम म्हणतात त्याला.

त्यांनी खांद्यावर फावडं घेतलं.
नाव काही ठेवा,
दर अमावास्येला जाऊन बघावं लागतं.