हजेरी

औलूमध्ये डिसेंबरात दुपारी दोनलाच अंधारतं,
तरी केर्तूला तळघरातला आणखी एक अंधार लागतो.
दाराला काळा पडदा, बाहेर लाल दिवा,
आणि कुणीतरी चिकटवलेली चिठ्ठी: ठोठवा, मग थांबा.

काचपट्टीवर आठ महिन्यांच्या आर्वोची कातडी आहे.
कातडी कसली, चिमटीएवढ्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी,
तीन आठवडे उबेत, गुलाबी पाण्यात.
काल तिने त्यांना दुधाच्या भुकटीत भिजवलं,
म्हणजे कुणी भलतीकडे चिकटू नये.
मग सशाच्या रक्तातलं प्रतिपिंड सोडलं,
ज्याला साऱ्या जगात एकच चेहरा ओळखता येतो:
चरबीची लांब साखळी तोडणारं ते विकर.
मग सशाला ओळखणारं बकरीचं,
शेपटीला हिरवा रंग बांधलेलं.
कडा नेलपॉलिशने बंद केल्या. मुलीच्या, चमकीवाल्या.
साधं संपलं होतं.

कुहमोत आर्वोची आई दर तीन तासांनी गजर लावते.
डोळ्यांत तेल घालून जागते, असं आपण सहज म्हणतो;
या घरात तेलच वैरी.
खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी,
या पोराला दोन्ही बंद.
बाळसं गालांवर आहे, जळत मात्र नाही.
एक रात्र बाटली चुकली
की साखर संपते, आणि दिवा
काठोकाठ भरलेला असताना विझू लागतो.

केर्तू निळा प्रकाश सोडते, डोळा लावते.
तिने काळोख धरला होता मनाशी.
काळोख हे सरळ उत्तर असतं.

सगळं उजळलेलं.
हिरवे दाणे, हिरवे दोरे, पेशीभर तंतुकणिका,
शेजारच्या निरोगी काचेइतक्याच, तसूभर कमी नाही.

"मग आहे की," मागून इल्पो म्हणतो.

आहे.
ससा हजेरी घेतो, वही तपासत नाही.
मागच्या बाकावरून कुणी 'हजर' म्हणालं,
त्याच्या पाटीवर काय आहे हे त्याला कसं कळावं?
अक्ख्या प्रथिनात एकच कण बदललेला.
घडण तीच, तोंडवळा तोच,
हात तेवढा चालत नाही.

केर्तूचे वडील लाकूडगिरणी बंद झाल्यावर
अकरा वर्षं रोज पहाटे बूट चढवून
स्वयंपाकघरात बसत.
आईने त्यांचा डबा भरणं थांबवलं नाही.
हे तिला आत्ताच का आठवावं?

पाहता पाहता रंग उडतो, म्हणून ती घाईने फोटो काढते.
लिहिते: प्रथिन उपस्थित. क्रिया वेगळी तपासावी.
'उपस्थित' खोडते, पुन्हा लिहिते.
दुसरा शब्द सुचत नाही.

वर दार उघडलं तर वजा बावीस.
बसथांब्यावर ती पिशवीतला राईचा पाव काढते,
लोणी सकाळी हात सैल सोडून लावलेलं,
आता दगड झालेलं. उभ्या उभ्या सगळं खाते.
आत कुठेतरी ते जळायला लागतं,
न सांगता, न मोजता,
आणि बस अजून आलेली नाही.