नकारांचा रकाना

डिसेंबर इथे उन्हाळ्यात येतो.
वाल्दिव्हियाच्या मासळीबाजारामागे
समुद्रसिंह पायऱ्यांवर पसरून जांभया देतात
आणि मी, रोसाल्बा कायुमिल,
विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडदा ओढून बसते,
एकाही पानाला हात न लावता
दोन हजार तीनशे नियतकालिकं सांभाळते.

सांभाळतेस म्हणजे काय करतेस, आई विचारते.
तिला वाटतं, धूळ झटकत असेन.
भाडं भरते, मी सांगते.
आणि दर जानेवारीत एकेका दाराची कडी वाजवून बघते,
उघडतंय ना,
की कुणी कुलूप बदललं.

यंदा पैसे कमी आले.
संचालक इल्दा ओयार्सो म्हणाल्या,
एका वाचनाला किती पडले तेवढं सांग, बाकीचं नको.
मी भागाकार करत बसले.
भूकंपांचं : वाचनाला चाळीस सेंट. राहू दे.
दूधदुभत्याचं : दोन डॉलर. राहू दे.
दक्षिणेकडच्या शेवाळांचं त्रैमासिक :
किंमत अकराशे चाळीस, वाचन एक.
भागाकार सोपा गेला.

आदल्या वर्षी एक.
त्याच्या आदल्या वर्षीही एक.
म्हणजे आहे कुणीतरी, मला वाटलं.
मी त्याला चेहराही देऊन टाकला :
चिलोए बेटावरचा निवृत्त मास्तर,
ओला कोट, खिशात भिंग,
वर्षातून एकदा कबरीवर फुलं ठेवायला यावं
तसा येतो, एक लेख वाचतो, जातो.

मग तारखा पाहिल्या.
चार जानेवारी. पाच जानेवारी. चार जानेवारी.
सकाळी नऊ वाजून काही मिनिटं.
कडी वाजवणारी मीच.

हसू आलं, अर्ध्यात थांबलं.
काय झालं, पलीकडून एव्हारिस्तोने विचारलं.
म्हटलं, चिलोएचा मास्तर वारला.

त्या दुपारी पहिल्यांदाच एक लेख उघडला
तो तपासायला नव्हे.
कुठल्याशा खडकावरचं शेवाळ
वर्षाला नखाच्या जाडीइतकं सरकतं, म्हणे.
सतरा वर्षं एक बाई त्याच खडकापाशी जाऊन
मोजून येत होती.
तिचं नाव तळाला, बारीक टाइपात.

तरी मी खूण केली : रद्द.
एकतीस डिसेंबरच्या रात्री दार मिटलं
आणि पैसे भरून झालेली बावीस वर्षंही
आतच राहिली.
करारात तसंच होतं, नवव्या कलमात,
सही माझ्या आधीच्या माणसाची.
तळघरात अठ्ठ्याण्णवपर्यंतचे अंक आहेत, कापडी बांधणीत.
त्यांच्यावर हक्क सांगते ती फक्त बुरशी.

एप्रिलचा अहवाल मेमध्ये आला.
त्यात एक रकाना असतो, मी सहसा बघत नाही :
दारापर्यंत आले, आत जाता आलं नाही, असे किती.
शेवाळांच्या ओळीत, तीन.

तीन माणसं,
की एकानेच तीनदा ढकलून पाहिलं,
आकडा सांगत नाही.
नावं आम्ही ठेवत नाही.
तो नियम चांगला आहे, मीच लिहिलाय.
इतकी वर्षं कुणी नाही,
आणि आता.

खिडकीबाहेर शेगड्यांचा धूर नदीवर उतरत होता.
शोधपानावर, त्या नावाखाली,
“उपलब्ध नाही” असं यंत्राने लिहिलेलं खोडलं
आणि टाइप केलं :
जुने अंक तळघरात, पायऱ्या ओल्या असतात, जपून.
नवं हवं असेल तर खोली चौदा.
कुठूनतरी मागवून देईन. रोसाल्बा.

मग दुवा कुठे नेतो ते बघायला
सवयीने एकदा कडी वाजवली.

मेच्या अहवालात एक नकार दिसेल.
तो मोजू नका, माझा आहे.
दोन दिसले तर
मला सांगा.