पंचवीसच्या वर

बोरा बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावर
सव्वानऊला पडदे उजळतात.
पहिला चहा निवायच्या आत मी एडीएक्स लावते,
चौदा दिवसांचा, सगळे लावतात तसा.
शेजारच्या खुर्चीत विजयकर,
वय अठ्ठ्याहत्तर, रिंगेतले जुने जॉबर,
गळ्याला पांढरा रुमाल,
रुमालाखाली भोक.

आवाज ऑपरेशनमध्ये गेला म्हणतात.
त्याआधी बराचसा रिंगेतच गेला होता,
सिमेंटमध्ये, कापडात, कागदात,
थोडा थोडा, भाव ओरडताना.
आता ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहितात.

"ही रेघ काय सांगते?"
मी म्हटलं, काका, जोर.
चढ की उतार ते नाही सांगत,
फक्त जोर किती.
विसाच्या खाली असली की बाजार नुसत्या येरझाऱ्या घालतोय.
पंचवीसच्या वर गेली
की तो कुठेतरी निघालाय.
कुठे, ते बाकीच्या दोन रेघांना विचारायचं.

ते हसले. भोकातून हवा आली.
लिहिलं: "आम्हाला कान होता.
गलका वाढला की ओळखायचं, भांडण अजून चालू आहे.
खरी तेजी आली की विकणारा गप्प होतो.
अर्धी रिंग गप्प.
त्या गप्प होण्यावर मी ठाकूरद्वारला जागा घेतली."
आणि खाली, बारीक अक्षरात:
"त्यावरच घालवली."

चहा ते अजून तसाच मागवतात.
दोन बोटं, तळवा स्वतःकडे.
तळवा आत म्हणजे घेतले,
तळवा बाहेर म्हणजे विकले.
खालच्या मुनाफला यातलं काही माहीत नाही,
पण दोन कटिंग बिनचूक येतात.

भाद्रपदात मी एका पोलादाच्या शेअरात अडकले.
अठ्ठावीस. तेहेतीस. एकोणचाळीस.
चढती रेघ बघून घेतच गेले.
बाकीच्या दोन रेघा मी लपवल्या होत्या,
पडद्यावर गर्दी नको म्हणून.
रेघ चढत होती, शेअर पडत होता,
आणि ती पडण्याचाच जोर मोजत होती,
इमानेइतबारे.
एकेचाळीस हजार.
आईच्या दाढांसाठी ठेवलेले.

विजयकरांनी कागद सरकवला.
मला वाटलं, धीर देतील.
"रेघ खोटं बोलली नाही.
तू तिला भलताच प्रश्न विचारलास."
रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग.
त्यांनी दरवाज्याकडे बघून
तळवा आत केला. दोन.

दिवाळीनंतर ते साडेनऊला येऊ लागले.
मग अकराला.
मग एक दिवस आड.
मी मनात चौदा दिवसांची सरासरी धरून बसलेली,
आणि सरासरी म्हणत होती, येतात.
तिचं हे असंच.
रस्ता वळून पार पुढे गेलेला असतो
आणि ती अजून मागच्या चौकात
पत्ता विचारत उभी.

शेवटचे आले ते एका गुरुवारी.
दिवसभर काही लिहिलं नाही.
साडेतीनला भाव थिजले, रेघ सतरावर.
जिन्याच्या वळणावर थांबून
त्यांनी हात वर केला,
तळवा बाहेर.
मी निरोप समजले.
मीही हात हलवला, तळवा बाहेर.
किती विकले, कुठल्या भावाला,
विचारायचं सुचलंच नाही.

खणात कॅलेंडरचे कागद आहेत,
एका बाजूला तारखा, दुसऱ्या बाजूला ते.
एडीएक्स मी आता तिन्ही रेघांसकट लावते.
मुनाफ अजून दोन आणतो.
मी त्याला काही सांगितलेलं नाही.