दोन किलोच्या आत

डॉक्टरांनी बांबोळीत बजावलं होतं,
दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही.
म्हणून खळ्यात आलेल्या जानकी खवणेकरणीला म्हटलं,
पाटी उतरव, आधी हे तोल.
तिनं बांगडे बाजूला सारले,
तागडीत कार्बोरेटर ठेवला,
काटा थांबेपर्यंत एक डोळा मिटून बघत राहिली.
"दीड किलो.
आणि ह्येच्यात काटे कितके?"

हसताना पोटावरची शिवण ओढली.
आठ महिन्यांत पहिल्यांदाच
दुखण्याचं कारण बरं होतं.

मांगरात गाडी होती तशीच.
छप्पन सालची डुक्कर फियाट,
ताडपत्रीतून नाक तेवढं बाहेर.
शिरोड्याच्या एका मिठागरवाल्याकडून घेतली तेव्हा
दाराच्या आतल्या पोकळीत
मूठभर मीठ निघालं होतं.
खारा वारा पत्रा आतून खातो,
वरचा रंग शाबूत ठेवतो.
दाबून बघितल्याशिवाय कळत नाही.
मलाही आंघोळ करताना
उजव्या बरगडीखाली, असंच दाबून कळलं.

औषधानं बोटांची टोकं नेली.
म्हणजे आहेत,
पण कुणाचे तरी हातमोजे घातल्यासारखी.
शर्टाची बटणं शशी लावते.
जेटचा आटा बसला की सरकला
ते बोट आता सांगत नाही.
मग ओठाला विचारलं.
खालचा ओठ अजून माझा आहे.
पितळेचा गार दाणा,
त्यावरची बारीक वळणं,
आणि एका जागी झिजलेलं. लागलं.
सहा महिने सगळ्याला पितळेची चव होती,
भाताला, सारालाही, पाण्यालासुद्धा.
आजही तीच चव,
पण आज तोंडात खरंच पितळ होतं.

शशी पेज घेऊन दारात.
"तोंडात काय ते?"
"मेन जेट."
"आणि दुपारची गोळी?"
"हे काढल्यावर."
ती गेली नाही. पेजेवर ताटली झाकून
उलट्या बादलीवर बसली,
आणि जेट काढून ठेवल्यावर
न विचारता पुसायला घेतला, पदरानं.
तो डाग जाणार नाही हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी बस्त्याव आला, हातोडी काखेत.
कसा आहेस, विचारलं नाही.
उंबऱ्याखालचा पत्रा अंगठ्यानं चाचपत
या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला
आणि उठताना म्हणाला,
"चांगलो पत्रो लागासर कापूक व्हया."
मग माझ्याकडे बघून गोरामोरा.
"गाडयेचा सांगतंय रे मी."
"माका म्हायत आसा," म्हटलं,
"कसा कापतत ता."
दोघंही जरा वेळ
बाहेरच्या माडाकडे बघत राहिलो.
माडाला काही झालेलं नव्हतं.

मग त्यानं मागचं दार ओढलं
आणि आतून कुणीतरी रागावलं.
तुळसकरांची काळी कोंबडी,
खुडूक,
फाटक्या सीटमधला काथ्या उपसून
त्यावर पिसं फुलवून बसलेली.
तिच्याखाली अंडी, सात की आठ,
मोजू देईना.
"सीट भायर काढल्याशिवाय
माका हात घालूक गावचो नाय," बस्त्याव म्हणाला.
मी म्हटलं, राहू दे.
"कितके दिवस?"
"बसल्यापासून एकवीस."

सलाइनच्या दोन फेऱ्यांमध्येही एकवीसच असायचे.
पहिले पाच खाटेवर,
मग भिंत धरून न्हाणीपर्यंत,
मग खळ्यापर्यंत,
आणि जरा तोंडाला चव आली
की पुन्हा बांबोळी.
तेव्हा शेवटी काही फुटून बाहेर यायचं नाही.

बस्त्यावनं हातोडी मांगराच्या खुंटीला अडकवली,
घरी नेली नाही.
मी ताडपत्री मागच्या बाजूला
पुन्हा नीट ओढून दिली,
दगड ठेवायला गेलो, आधी हातात तोलला,
मग शशीला हाक मारली.
पुढचं बॉनेट उघडंच ठेवलं.