उपयोगिता प्रमाणपत्र

मागितले होते एक लाख चाळीस हजार,
आले साठ.
पासबुकात ओळ उमटली तेव्हा
नरसूबाई कोंडानं ती नखानं खरवडून पाहिली,
तंबाखूनं कायमचं पिवळं झालेलं नख.
शाई निघाली नाही.
मग आम्ही चौघी बँकेच्या पायरीवरच बसलो
आणि उसाचा रस प्यालो, स्वतःच्या पैशानं.
ते हिशोबात धरलेलं नाही.

अर्जात एक रकाना होता : जोखीम.
मी लिहिलं होतं, मुलं पडतील.
संस्थेतून फोन आला. ताई, शब्द बदला,
पडण्याची शक्यता नगण्य, असं काहीतरी लिहा.
मी बावीस वर्षं कारखान्यात विड्या मोजून वहीत चढवलेली बाई.
हजाराला हजार, छाट ती छाट.
नगण्य कसं लिहायचं ते मला येत नाही.
फक्त पुढं तीन शब्द वाढवले :
आणि उठतील सुद्धा.
मला वाटतं साठ हजार त्या तीन शब्दांचेच आले.

जागा घरकुलाच्या मागची.
पालिकेची, कोर्टात नसलेली, एवढाच तिचा गुण.
एक लिंब, चार बाभळी, कुणाकुणाच्या पाडलेल्या भिंती,
आणि एप्रिलचं ऊन, जे सोलापुरात
माणसाच्या आधी जागेवर येऊन बसतं.
इंजिनिअर म्हणाला, खाली फरशी घाला, स्वच्छ दिसेल.
मुलं म्हणाली, माती.
मुलांचं ऐकलं. फरशीचा खर्च : शून्य.

हणमंतू गाजुल, बंद पडलेल्या मागावरचा जॉबर,
त्यानं मागाचे बीम उभे केले, आडवे केले,
लिंबापासून बाभळीपर्यंत दोरांचा पूल ओढला.
चादरीला ताण कसा द्यायचा ते ठाऊक असलेला हात,
गाठ मारून झाली की गाठीला कान लावायचा.
दोरखंड अकरा हजार चारशे.
वाळू, वाहतुकीसह, सव्वीस हजार.
टायर हैदराबाद रोडच्या हुसेनीभाईचे.
पावती मागितली तर तो हसला,
भंगाराची पावती कुणाच्या नावानं करू?
तुमच्याकडं पावतीशिवाय चालत नाही, माहीत आहे.
तरी टायर नऊ आहेत. येऊन मोजा.

मलम, पट्ट्या, कापूस : आठशे साठ.
हा आकडा वाढणार.

फोटो जोडा म्हणालात, आधीचा आणि नंतरचा.
आधीच्या फोटोत जागा दिसते.
नंतरच्यात नुसते गुडघे.

आता मुख्य रकाना : परिणाम, संख्येत.
इथं मी तीन रात्री अडकले आहे.

भागी दहा वर्षांची.
सहाव्या वर्षापासून आईशेजारी बसून विड्यांना दोरा बांधते.
बसून बसून तिची चालही बसल्यासारखी.
त्या रविवारी ती पुलावर चढली
आणि मधोमध थांबली.
खाली सगळा मोहल्ला.
दिगु, दिगु, एक बाजू ओरडते,
इळी गं, दुसरी,
उतर जा बेटा, अलफियाची नानी.
तीन भाषांत एकच शब्द,
आणि पोरीला एकही ऐकू येईना.
हणमंतू शिडीकडं निघाला,
मी त्याचा सदरा धरला. का धरला, सांगता येणार नाही.
तिची आई मांडीवरचं सूप खाली ठेवून
चप्पल न घालता आली,
आणि आश्चर्य, ओरडली नाही.
वर बघत उभी राहिली,
तोंड थोडं उघडं, जणू तीच वर आहे.

भागी उतरली नाही.
पलीकडे गेली.
किती वेळ लागला? कुणी घड्याळ पाहिलं नाही.
पलीकडे पोचल्यावर तिनं फक्त हात फ्रॉकला पुसले.

म्हणजे परिणाम, संख्येत :
भागीच्या आईची त्या दिवसाची मजुरी
नऊशे पंचाहत्तर विड्यांची.
एक कट्टा कमी.
वहीत मी तो कमीच लिहिला, आहे तसा.

तुमच्या कागदावर
तो कुठं चढवायचा, जमेत की खर्चात,
एवढं कळवावं.
सही, शिक्का खाली आहे.