दुमडलेलं बोट

विद्यापीठातली व्हुआहिराना
माझ्या मोपेडवर मागं बसून पन्हाळ्याला आली.
तीन दरवाज्याशी थबकली,
उजवा पाय आधी आत टाकला.

मी म्हटलं, ह्या पायात शिसं ओतलंय म्हणे.
ती म्हणाली, आमच्या टेकडीच्या तटात
अंड्यातलं पांढरं, चुन्यात कालवलेलं.
किती कोंबड्या, कुणी मोजल्या नाहीत.
राजाचं घर मात्र लाकडाचं, एका खोलीचं,
आणि आलेला माणूस कोण ते कळेपर्यंत
राजा वर आढ्याशी दडून बसायचा.

एवढा मोठा राजा?
हो, तोच.

कणसं खाल्ली. तिखट तिला सोसलं नाही.
पुढं एका समाधीकडं मी हात केला
तर तिनं माझं बोट धरून पेरातून दुमडलं:
गेलेल्यांवर सरळ बोट रोखत नाहीत.

निघताना गडाकडं तोंड ठेवून
उलटी चालत बाहेर पडली,
सहलीच्या पोरांना धडकत, सॉरी म्हणत.

ती गेली तिच्या बेटावर. चार वर्षं झाली.

परवा पंचगंगेवर रक्षा सावडायला गेलो.
गुरुजींनी विचारलं, आबांची जागा कुठली?
मी दाखवली.

पुतण्या म्हणाला,
काका, बोटाला लागलंय का?